पडवीचा उतार

आमच्या घरात माझ्या सवती होत्या आणि त्या सगळ्या काचेत राहायच्या. एक फ्रिजशेजारच्या स्टुलावर, एक टीव्हीच्या कपाटावर, एक खिडकीत, एक माझ्या शिलाई मशीनवर. सगळ्यात धाकटी तर चक्क तांदळाच्या पिंपावर बसली होती. भात करायचा तर आधी ह्यांना हाक मारायची, मग हे हलक्या हातानं मासे उतरवणार, मग मी तांदूळ काढणार. मशीनवरच्या टाकीपायी माझे ब्लाउज शिवायचे राहिले ते राहिलेच.

हे म्हणजे माझा नवरा. रेवसच्या लाँचवर इंजिनपाशी नोकरी केली. रेवसहून भाऊच्या धक्क्याला आणि धक्क्याहून परत रेवसला, सारा जन्म तेवढ्याच पाण्यावर गेला. निवृत्त होऊन नागावला घरी बसले तेव्हा मला वाटलं, आता नारळाच्या वाडीत लक्ष घालतील, शिंपणं बघतील. तर हे अलिबागच्या दुकानातून काचेची पेटी घेऊन आले. आत दोन सोनेरी मासे. मी म्हटलं, "जन्म खाऱ्या पाण्यात काढलात, आता म्हातारपणी गोड्या पाण्यात पडलात!" तर म्हणाले, "अगो, घरात पाणी हललं नाय तर मला झोप लागत नाय."

एकाच्या दोन टाक्या झाल्या, दोनाच्या पाच. गप्पी, मॉली, एंजल आणि एकटा राहणारा एक रागीट फायटर, ज्याला हे माझ्या नावानं हाक मारायचे. जेवताना ताटात बांगडा आणि समोर टाकीत ही मंडळी. शेजारीण आली की हमखास विचारायची, "वयनी, यांचं कालवण कवा?" हे तेवढ्यापुरते टाकीवर फडकं टाकायचे. माशांनी ऐकलं असतं जणू.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं हा रोजचाच कार्यक्रम. लाइट गेली की टाक्यांमधली हवेची मोटार बंद पडते आणि मासे वर येऊन तोंडं उघडतात. मग हे तांब्या घ्यायचे. टाकीतलं पाणी तांब्यात भरून वर उचलायचं आणि धारेनं पुन्हा आत सोडायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. पहिली टाकी झाली की दुसरी, मग तिसरी, असे घरभर फिरायचे. पाचवी होईपर्यंत पहिलीची पाळी पुन्हा यायची. मी माजघरात बसून म्हणायची, "एवढी सेवा देवाची केली असतीत तर तो दारात उभा राहिला असता."

देवाचं माझं दुखणं वेगळंच होतं. वादळात मागल्या दारचा फणस मुळासकट आडवा झाला. वखारीत नेऊन त्याच्या फळ्या काढल्या, पिवळ्याधमक, आणि पडवीत रचून ठेवल्या. लाकूड चांगलं वाळू दे, मग त्याचं देवघर करायचं, असं ठरलं होतं. आमचे देव भिंतीतल्या कोनाड्यात. तिथं समई लावली की वरचा चुना काळा होतो. त्या फळ्यांवरून येताजाता हात फिरवायची मी. त्यांचा रंग हळूहळू मधासारखा होत चालला होता.

मग ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, मुंबईच्या डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. आम्ही दोघांनी ते एकत्रच ऐकलं. घरी येताना लाँचवर हे जुन्या सोबत्यांशी इंजिनाच्या गप्पा मारत उभे राहिले आणि मी बाकावर बसून पाण्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर हे आधी टाक्यांपाशी गेले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी लाइट गेली. हे तांब्या घेऊन उठले. पहिली टाकी झाली, दुसरी झाली, तिसरीपाशी आवाज थांबला म्हणून मी पाहायला गेले, तर हे खाली जमिनीवर बसलेले, तांब्या मांडीवर, कपाळावर घाम. मी तांब्या घेतला आणि उरलेल्या टाक्यांत धार सोडली. मला ते जमत नव्हतं, पाणी सगळं अंगावर उडत होतं. हे खालून बघत होते.

सकाळी उठून ह्यांनी सुताराला बोलावलं. म्हणाले, सगळ्या टाक्या एका जागी घ्यायच्या, पडवीत. एक दणकट घडवंची करायची, माठांना असते तशी, पण दोन मजली आणि लांबलचक. आणि लाकूड काय, तर फणसाचं.

मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. देव कोनाड्यात काळे होतायत आणि मासे फणसाच्या आसनावर बसणार! वर ऑपरेशन तोंडावर आलेलं. मी म्हटलं, "मुंबईहून आल्यावर करा ना काय तो संसार." तर म्हणाले, "आल्यावर डॉक्टर वजन उचलू देणार नायत." हे कारण मला पटलं. अजूनही विचार केला की तेच कारण खरं धरते, कारण दुसरं धरलं तर माझ्याच्यानं पुढचं लिहवणार नाही.

सुतार ह्यांच्या लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी पडवीत रंधा-करवत मांडली. हे बसल्या बसल्या सूचना द्यायचे आणि सुतार त्या न ऐकता काम करायचा. पाण्याचं वजन लोकांना कळत नाही, असं ह्यांचं म्हणणं. तांब्याभर पाणी हातात हलकं वाटतं, पण टाकी भरली की ती गोणीला भारी पडते. म्हणून पाय मनगटाहून जाड घेतले आणि आडवी लाकडं पायांत खाचा करून बसवली, नुसत्या खिळ्यांवर नाही सोडली. वरच्या फळीची उंची ठरवायला मला स्वयंपाकघरातून हाक मारून उभी केली. कोपर वाकव, म्हणाले. मी पिठाच्या हातानं कोपर वाकवला, सुतारानं पेन्सिलीची खूण केली. मी विचारलं, "घरातली टेप हरवली काय?" दोघंही हसले.

आता पडवीचं सांगायला हवं. आमची पडवी सपाट नव्हती. ह्यांच्या वडिलांनी कोबा घालून घेताना मुद्दाम तिला उतार ठेवला होता. घराच्या भिंतीकडे उंच, अंगणाकडे सखल. आमच्याकडे पडवी रोज धुतली जाते. मासळी तिथंच साफ होते, नारळ तिथंच सोलले जातात, वाळूचे पाय घेऊन माणसं तिथंच येतात. दोन कळश्या पाणी ओतलं की सगळं आपोआप अंगणात निघून जातं. हा उतार चालताना कळत नाही. लिंबू सांडलं तरच कळतो.

घडवंची पडवीच्या कडेच्या भिंतीला लागून राहणार होती, डावं अंग घराकडे, उजवं अंगणाकडे. म्हणजे उताराच्या बरोबर रेषेत. सुतार म्हणाला, "दादा, पाय चारी सारके ठेवू. उजवीकडं खाली पाचरी मारल्या का झालं काम. उद्या कुटं बी हलवला तरी बसंल."

हे म्हणाले, "पाचर नको."

"का पन?"

"इंजिनाखालची पाचर बघितलीस ना? हादरे बसले का सुटते. नि इथं हादरे द्यायला ही बसलीय." माझ्याकडे बोट. "ही झाडाय लागली का वादळ. पाचर उडून थेट विहिरीत जायची."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खोटं नव्हतं. राग आला की मी झाडते, आणि मला राग लवकर येतो.

"मंग पाय जमिनीपरमानं कापावं लागतील," सुतार म्हणाला. "यक डाव कापलं का ह्यो हितनं हलनार न्हाय, सांगून ठेवतो."

"हलवायचाय कोणाला?" हे म्हणाले. "आम्ही कुठं जातोय?"

गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं. एक टोक ह्यांनी धरलं, एक सुतारानं, आणि पाण्याच्या रेषेवर खुणा केल्या. मग घराकडचे दोन पाय तेवढ्याच मापानं खालून कापले. कापताना तळाला उताराचा तिरकसपणाही दिला, म्हणजे पाय जमिनीला चिकटून बसावेत. कापून पडलेले दोन तुकडे, बोटभर जाडीचे चौकोनी ठोकळे, ह्यांनी उचलून माझ्या हातात ठेवले. "घे. तुझ्या देवघराचं लाकूड."

मी ते तुकडे मागल्या दाराला आणि खिडकीला अडकण म्हणून लावायला घेतले. आमच्याकडे समुद्रावरचा वारा सुटला की दारं आपटतात.

घडवंची उभी राहिली तेव्हा हे म्हणाले, आधी वजन घालून बघू. टाक्या नंतर, आधी माणसं. खालच्या फळीवर आम्ही तिघं ओळीनं बसलो, सुतार, हे आणि मी. लाकूड कुरकुरलंसुद्धा नाही. ह्यांचं वजन तोवर निम्म्यावर आलं होतं, ते मोजण्यात धरण्यासारखं राहिलं नव्हतं, पण ते मध्ये ऐटीत बसले होते. अंगणातून ऊन येत होतं. लाँचच्या बाकावर बसल्यासारखे आम्ही समोर बघत राहिलो. मग हे म्हणाले, "चला, धक्का आला, उतरा."

टाक्या लागल्या. तीन वर, दोन खाली. मशीन मोकळं झालं, पिंप मोकळं झालं. ह्यांनी मला तांब्या देऊन शिकवलं, हात किती वर न्यायचा, धार किती बारीक ठेवायची. आता मला जागचं हलायला लागत नव्हतं. वरच्या टाक्यांवर हात अगदी सहज पोचत होता. ह्यांना मात्र वाकायला लागायचं, ते उंच होते.

ऑपरेशनला गेलो. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "फायटरला खायला घातलं का कोणी?" मी म्हटलं, शेजारीण घालतेय. "तिला सांग, कालवण करू नको." हे आमचं शेवटचं बोलणं. मी घरी परत आले ती एकटी. पडवीत मोटारी चालू होत्या, बुडबुडे वर येत होते. मासे माणूस बघून पुढे आले. त्यांना काय ठाऊक, कोण आलंय आणि कोण नाही. मला त्या माशांचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांना खायलाच घातलं नाही. दुसऱ्या दिवशी घातलं.

नंतर मी तिथं एकटी राहिले आणि पुढेही राहिले असते. पण विहिरीपाशी शेवाळावर पाय घसरला, हात मोडला, आणि मुलानं ऐकलं नाही. त्याचा पनवेलला फ्लॅट आहे. घर त्यानं पुण्याच्या एका माणसाला होमस्टेसाठी भाड्यानं दिलं. मी म्हटलं, येते, पण घडवंची येणार असेल तर. मुलानं टेम्पो ठरवला. सुनेनं आपला हॉल मोकळा करून दिला. तिला बोल लावायला जागा नाही, चांगली आहे पोर.

टाक्या लावल्या. मुलानं पाइपनं पाणी भरलं. मी समोर खुर्चीवर बसले होते. पाणी वर चढत गेलं आणि मला दिसलं की ते वाकडं चढतंय. पाचही टाक्यांत. डावीकडे काठाला टेकलेलं, उजवीकडे खाली राहिलेलं.

मुलगा म्हणाला, "बिल्डरनं लाद्या खराब बसवल्यात." लाद्यांवर त्यानं मोबाइल ठेवून पातळी पाहिली. लाद्या सरळ होत्या. मग तो घडवंचीच्या पायांशी वाकला आणि डावे पाय हातानं चाचपून बघायला लागला.

मला वाकून बघायची गरज नव्हती. ती आमची पडवी होती. पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावर पाच काचांमध्ये आमच्या पडवीचा उतार तेवढाच, पण उलटा होऊन उभा होता, आणि पाणी घराकडच्या अंगाला जाऊन थांबलं होतं. मी पदर तोंडात धरला. सुनेला वाटलं, वाकडं लागलं म्हणून रडतायत. ती म्हणाली, "आई, होईल सरळ, एवढं काय."

मुलानं उपाय काढला. "सोपं आहे. उजवीकडचे दोन पाय तेवढे कापू. कटर आणतो."

"करवत लावशील तर बघ," मी म्हटलं. माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

"मग काय करायचं, आई? असं एकीकडे वजन राहिलं तर काच तडकेल एक दिवस. खाली लोक राहतात."

त्याचंही चूक नव्हतं. पण डावीकडे पाचर मारायची तर ती ह्यांनीच नाकारलेली. ते पाय ह्यांनी नळीच्या पाण्यावर मापून ठेवले होते. ते कापले की ह्यांनी केलेलं असं जगात काय राहिलं असतं? मी टाक्या अर्ध्या रिकाम्या करायला लावल्या आणि सांगून टाकलं, घडवंची परत नागावला जाणार. जिथली आहे तिथं पडवीत राहील. भाडेकऱ्याच्या पाहुण्यांनी बघावेत मासे. त्यांना खायला घालायला आणि दिवे गेले तर धार सोडायला मी आठवड्याला येईन, नाहीतर तिथंच एका खोलीत राहीन. काय ते मी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर घडवंचीच्या आडून मला माझंच परत जाणं साधायचं होतं.

मुलाला घेऊन गेले बोलायला. वडखळ सोडल्यावर वारा बदलतो, तिथंच मला बरं वाटायला लागलं. फाटकातून आत शिरले आणि पायऱ्या चढले, आणि पाय घसरणार तोच मुलानं धरलं.

पडवीत चकचकीत पांढऱ्या लाद्या होत्या. एका पातळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भाडेकरू माणूस नम्र होता. म्हणाला, "आजी, जेवणाची टेबलं डुगडुगत होती, पाहुणे तक्रार करायचे. म्हणून भर घालून लेव्हल करून घेतली. तुमच्या मुलाला फोनवर विचारलं होतं."

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "मला काय माहीत होतं, आई." नव्हतंच माहीत त्याला. आम्ही कधी सांगितलं होतं? उतार ही काय सांगायची गोष्ट आहे?

भिंतीच्या कोपऱ्यात सकाळी धुतलेलं पाणी साचून राहिलं होतं. एक पोरगी ते वायपरनं ढकलत होती आणि ते पुन्हा मागे येत होतं. कुठं जावं ते पाण्याला कळत नव्हतं. मी तिथं उभी राहिले. त्या भागात घडवंची होती, त्या बाजूला आम्ही तिघं बसलो होतो, हे सगळं मला बोटानं दाखवता आलं असतं, पण कोणाला दाखवणार? ती घडवंची ज्या जमिनीसाठी कापली होती ती जमीनच आता कुठं नव्हती. इथं नव्हती आणि तिथंही नव्हती. मुलगा गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, हे गेले ते आज गेले.

निघता निघता मला दार आठवलं. मागल्या दारी गेले, तर दाराला रबरी अडकण लावलेली. खिडकीलाही. मी विचारलं, इथले लाकडाचे तुकडे? भाडेकरू म्हणाला, कुठल्या तुकड्यांचं म्हणताय? पोरगी म्हणाली, "ते व्हय? ते बंबाच्या लाकडात टाकलं मी."

पाहुण्यांच्या आंघोळीसाठी त्यांनी मागल्या दारी पाण्याचा बंब ठेवला होता, शेजारी नारळाची सोडणं, झावळ्यांचे बुंधे, लाकडाच्या चिरफळ्या यांचा ढीग. मी पदर खोचला आणि त्या ढिगात बसले. एक तुकडा लगेच मिळाला. तो काळपट झाला होता, पण कापलेल्या अंगावरून मी ओळखला. दुसरा मिळेना. सोडणं एकेक करून बाजूला टाकली. पोरगीही माझ्याबरोबर बसली आणि सोडणं उचलू लागली. दुसरा तळाशी होता, एक कोपरा जळलेला. कोणीतरी घातला होता बंबात आणि विझल्यावर राखेबरोबर बाहेर ओढला होता. मी तो पदरानं पुसला. पनवेलपर्यंत दोन्ही माझ्या मांडीवर होते, मुलगा गाडी चालवताना एकदोनदा त्यांच्याकडे बघत होता.

घरी आल्यावर त्यानं डावी बाजू पहारीनं उचलून धरली. मी खाली निजून ठोकळे आत सरकवले. तिरकस अंग फिरवून बघितलं, एका बाजूनं लागेना, दुसऱ्या बाजूनं पायाला जाऊन असं बसलं की मध्ये नखही जाईना. लागणारच होतं. त्याच पायाचं होतं ते. मुलानं पहार काढली. सुनेनं टाक्या भरल्या. पाणी काठाशी आलं, सरळ, एका रेषेत.

मुलगा म्हणाला, "बघ, झालं की नाही?" आणि मग तोच त्या पायांशी बसून रडला. ह्यांना नेलं तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. सून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

झालं सगळं सरळ. घराकडे ओढलेलं पाणी आता कुठंच ओढलेलं नाही. मी सकाळी उठते, मोटारी बघते, फायटरला खायला घालते. तो म्हातारा झालाय, रागीटपणा मात्र तसाच आहे. माझा तेवढा राहिलेला नाही.

ह्यांना पाचर नको होती. मी झाडताना उडवीन म्हणून नको होती. इथं झाडायला बाई येते, चांगली आहे, पण तिला मी त्या कोपऱ्यात फिरकू देत नाही. सून म्हणते, "आई, तुम्ही कशाला वाकता?" मी केरसुणी लांब ठेवते, खाली बसते आणि त्या दोन ठोकळ्यांच्या कडेची धूळ बोटानं काढते.